पिशवी, खाडा आणि एक पुरस्कार



पुरस्कार म्हटलं की शाल, श्रीफळ आणि फोटो डोळ्यांपुढे येतो. आज आम्ही ज्या पुरस्काराबद्दल बोलणार आहोत तो मिळतो लिखाणाला, तेही आजाराबद्दलच्या लिखाणाला. त्याचं नाव रुडॉल्फ फिरखो पुरस्कार. अमेरिकेत मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांची मोठी संघटना आहे. तिच्यातली जी मंडळी आजार आणि समाज यांचा मिळून अभ्यास करतात, त्यांच्यातला एक गट तो देतो. मुरलेल्या अभ्यासकांना वेगळा, कॉलेजात शिकणाऱ्यांना वेगळा.

या शास्त्राचं नाव जड आहे, चिकित्सक वैद्यकीय मानववंशशास्त्र. पण त्याचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. बाई आजारी पडली, तर डॉक्टर विचारतो, कुठं दुखतंय? हे अभ्यासक त्यापुढे विचारतात, कामाला किती वाजता जाता, पाणी कुठून आणता, पैसे कोणाकडून उचललेत, आणि एक दिवस घरी बसलात तर काय होतं?

फिरखो हे जर्मन डॉक्टर. १८४८ साली सायलेशिया नावाच्या गरीब भागात टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आली. सरकारनं त्यांना बघायला पाठवलं, तेव्हा ते जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी अहवालात लिहिलं, की साथ हटवायची तर लोकांना शिक्षण द्या, कारभार त्यांच्या हाती द्या, गरिबांवरचा कराचा बोजा उतरवा. सरकारनं मागितलं होतं औषध, आणि या पोरसवदा डॉक्टरनं सरकारचीच नाडी धरली!

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीचं आम्हाला काय? तर मग आपल्या फडात या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस वाढला. तो तोडायला दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्यातून जोड्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, जिथं कारखाना तिथं कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. कामावर नाही गेलं तर खाडा, म्हणजे दंड. पाळी आली, कंबर धरली, अंगावरून जायला लागलं, तरी खाडा तो खाडाच. फडात संडास नाही, न्हाणी नाही, आणि गाडी भरायची वेळ रात्रीची.

२०१९ मध्ये सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरातल्या जवळपास सतरा जणी. देशभरच्या पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

यावर लोकांनी दोन उत्तरं काढली. काही म्हणाले, डॉक्टर लोभी. काही म्हणाले, बायका अडाणी. पहिल्यात तथ्य असेल, पण दुसरं आम्हाला मुळीच मान्य नाही. ज्या बाईला दर खाड्याचा हिशेब तोंडपाठ आहे ती अडाणी कशी? महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत, दुखणं अंगावर काढून काढून वाढलंय, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढली की सुटलात. तिनं तिच्यापुढं ठेवलेल्या रस्त्यांतला एक निवडला. ते रस्ते कोणी आखले, हे शोधणारं लिखाण म्हणजे या शास्त्राचं लिखाण. पुढे बीडमध्ये असा नियम झाला, की खासगी दवाखान्यानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. चांगलंच झालं. पण त्या नियमानं खाडा काही हलला नाही.

बायकांच्या अंगावरच्या दुखण्याचं असं लिखाण महाराष्ट्रात फार आधी झालंय. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. शंभरात ९२ जणींना आतल्या अंगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. जानेवारी १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, एवढंच सरकारदरबारी ठाऊक होतं. पांढरं जाणं हाही आजार आहे आणि तो घराघरात आहे, हे त्या आकड्यांनी जगापुढे मांडलं. राणीताईंनी पुढे मराठीतही लिहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

आमचा मुद्दा इथंच आहे. फिरखोंच्या नावाचा पुरस्कार इंग्रजी लिखाणाला मिळतो आणि परीक्षकही अभ्यासकच असतात. पुरस्कारामुळे शिकणारी पोरं या वाटेनं लिहायला लागतात, याचं मोल आहेच. पण जिच्या पिशवीची गोष्ट तिला ती वाचून कोण दाखवणार? आपल्या तालुक्यांत कॉलेजं आहेत, सर्वे करणारी मुलंमुली फॉर्म घेऊन दारात येतात. त्यांना चहा द्या, खरी माहिती द्या, आणि दोन गोष्टी विचारून घ्या. हे लिहून कुठं जाणार? आणि लिहून झाल्यावर मराठीत वाचून दाखवायला परत येणार का? विचारण्यात उद्धटपणा नाही. माहिती आपली आहे.

आणि ऊस आपल्यातल्या कितीजणींच्या घरचा आहे. कोप्या आपल्याच बांधाला पडतात. तोडकरी बाई दिवसभर फडात असते, म्हणून दुपारी आलेल्या नर्सबाईंना ती भेटतच नाही. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हंगाम सुरू व्हायच्या आत आशाताई आणि नर्सबाईंशी बोलून आठवड्यातली एक संध्याकाळ कोप्यांसाठी ठरवून घ्या. पाण्याचा टँकर आणि आडोशाची न्हाणी यांचा अर्ज ग्रामसभेत द्या, आणि अर्जाची पोच मागून घ्या. कोपीतल्या दोघीतिघींनाही त्या सभेला बोलवा. खाड्याबद्दल त्यांनाच बोलू द्या.