वाटाड्याचा मान

(सामाजिक व पर्यावरणविषयक उद्योजकांच्या अरण्यभ्रमंतीच्या निमित्ताने कामण येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कामणच्या रस्त्यावर उभे राहिले की एका नजरेत दोन जगे दिसतात. एकीकडे गोदामे, कारखाने आणि मालमोटारींची अखंड रांग. दुसरीकडे तुंगारेश्वराची डोंगररांग आणि दोन हजार फुटांहून उंच असा कामणदुर्ग. मुंबईसारख्या महानगराच्या उंबरठ्यावर एवढे अरण्य शिल्लक राहिले, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. समाजकार्य व पर्यावरणरक्षण हाच आपला उद्योग मानणाऱ्या मंडळींनी अशा अरण्यात काही दिवस मार्गदर्शकासह पायी हिंडावे, मन ताजे करावे आणि नव्या दृष्टीने कामाला लागावे, ही कल्पना आता जगभर रुजू लागली आहे. या कल्पनेची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु तिची परीक्षा मात्र केली पाहिजे.

‘सामाजिक उद्योजक’ हा शब्द तसा अलीकडचा. अमेरिकेतील बिल ड्रेटन यांनी १९८० साली सम्राट अशोकाचे नाव घेऊन ‘अशोका’ ही संस्था काढली आणि समाजात नवी वाट पाडणाऱ्या व्यक्तींना पाठबळ देण्याचा उपक्रम सुरू केला. या संस्थेने निवडलेली पहिली व्यक्ती मुंबईची एक शाळाशिक्षिका होती. तिचे नाव ग्लोरिया डिसूझा. घोकंपट्टीच्या शिक्षणाला कंटाळून तिने मुलांना भोवतालचा परिसर हेच पुस्तक म्हणून वाचावयास शिकविले. या उद्योजिकेपाशी भांडवल नव्हते, कारखाना नव्हता. तिच्यापाशी होती ती पाहण्याची आणि पाहावयास लावण्याची शक्ती. अरण्यभ्रमंतीला निघणाऱ्यांनी हा आरंभ विसरू नये. परिसर वाचणे म्हणजे केवळ पक्ष्यांची आणि झाडांची नावे टिपणे नव्हे. त्या परिसरात कोण राबतो, कोणाच्या नावावर जमीन आहे, पाणी कोठून कोठे जाते, हेही त्या पुस्तकाचेच धडे आहेत.

पायी चालून समाज समजून घेण्याची परंपरा या देशाला नवी नाही. विनोबांची भूदानयात्रा १९५१ साली सुरू झाली. सुंदरलाल बहुगुणा १९८१ ते १९८३ या काळात काश्मीरपासून कोहिमापर्यंत हिमालयाच्या अंगाखांद्यावरून चालले. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पश्चिम घाट बचाव मोहिमेचे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी एक तुकडी उत्तरेकडून नवापूरहून आणि दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून निघाली. तीन महिने चालून १९८८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी त्या गोव्यात एकत्र आल्या. तीत कार्यकर्ते होते, विद्यार्थी होते, शास्त्रज्ञ होते. परंतु ही मंडळी डोंगर पाहून परतली नाहीत. उजाड झालेली जंगले, धरणांमुळे उठणारी गावे, खाणींनी पोखरलेले डोंगर यांविषयी त्यांनी वाटेवरच्या लोकांशी बोलणे केले. पश्चिम घाट हा एकच अखंड प्रश्न आहे, ही जाणीव तिथून पुढे देशात पसरली. ज्या चालण्यातून पायांखालच्या भूमीतील माणसांशी नाते जडते, ते चालणे व्यर्थ जात नाही, हा या मोहिमेचा धडा आहे.

आता कामणकडे वळावे. तुंगारेश्वरच्या सुमारे ८५ चौरस किलोमीटर वनाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे योग्यच झाले. तसे झाले नसते तर शहराच्या भुकेने या डोंगरांचे काय केले असते, हे पायथ्याकडे पाहून कोणालाही कळेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा वसईच्या खाडीपलीकडील नागला हा भाग, तुंगारेश्वर आणि पुढे तानसा अशी ही वनांची साखळी आहे. तिच्यातून फिरणाऱ्या बिबट्याला आज रेल्वेचे रूळ आणि अवजड वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो. या डोंगरांच्या पायथ्याच्या पेल्हार धरणाचे पाणी वसई–विरारच्या नळांना येते. म्हणजे शहरातील माणूस अरण्यात कधी पाऊल न टाकताही अरण्यावरच जगतो.

परंतु या अरण्याच्या कडेने वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत, आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो. बाहेरचा पाहुणा शुल्क भरून, परवानगी घेऊन अभयारण्यात जातो आणि निसर्गप्रेमी ठरतो. पाड्यावरची बाई सरपणासाठी त्याच वाटेने जाते तेव्हा, तिच्या हक्काची कागदावर नोंद नसेल तर, तिच्या डोक्यावरची मोळी संशयास पात्र ठरते. एकच वाट, एकच अरण्य. पण चालणारा कोण यावर न्याय ठरावा, हे समतेच्या कोणत्याही विचारात बसत नाही.

हा तालुका वेठबिगारीचाही साक्षीदार आहे. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी कायदा पाड्यापर्यंत आपल्या पायांनी चालत आला नाही. १९८२ साली वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि वेठबिगारांच्या मुक्तीचे काम तिने हाती घेतले, तेव्हा कुठे त्या कायद्याला हातपाय फुटले. वनहक्काचे तसेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या कसत्या जमिनीचा, गौण वनोपजाचा आणि सामूहिक वनाचा हक्क मान्य केला. हा कायदा अभयारण्यालाही लागू आहे आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. एवढेच नव्हे, तर वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारही त्याने ग्रामसभेला दिला. आदिवासीचा हक्क आणि बिबट्याचे रक्षण ही परस्परांच्या विरोधात उभी केलेली जोडी कायद्याने नव्हे, सोयीने जुळविलेली आहे.

कोणी विचारील की, लोकांच्या हाती जंगल दिले तर ते टिकेल काय? उत्तर गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) येथे आहे. त्या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेत आपले जंगल राखले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर त्याला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकून आलेला पैसा गावाचा झाला. पर्यावरणविषयक उद्योजकतेचा याहून चांगला धडा शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मात्र तिथे उद्योजक कोणी एक व्यक्ती नव्हती, सारे गाव होते.

तेव्हा भ्रमंतीच्या आयोजकांपुढे काही साध्या अटी ठेवाव्याशा वाटतात. पाड्यावरचा वाटाड्या हा हमाल नव्हे, शिक्षक आहे. त्याचे मानधन शहरातून आलेल्या मार्गदर्शकाइतकेच असावे आणि ते त्याच्या हाती पडावे. वाटेचा आणि मुक्कामाचा निर्णय वनखात्याच्या परवानगीबरोबरच ग्रामसभेलाही विचारून व्हावा. एक संध्याकाळ शेकोटीभोवती आत्मचिंतनात जावी, तशी एक संध्याकाळ वनहक्काचे दावे कोठे अडले आहेत हे ऐकण्यात जावी. नकाशे वाचणे, अर्ज लिहिणे, हिशेब मांडणे, अधिकाऱ्यांशी बोलणे ही कौशल्ये या उद्योजकांपाशी भरपूर असतात; पाड्याला नेमकी त्यांचीच टंचाई असते. भ्रमंतीनंतर वर्षभर एका पाड्याच्या एका दाव्याचा पाठपुरावा प्रत्येक तुकडीने केला, तर तिचे चालणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही यातून काही घ्यावे. शहरातून येणारा प्रत्येक पाहुणा शोषक असतो, असे मानून त्याच्याकडे पाठ फिरविणे सोपे आहे. पण तुंगारेश्वराचे अरण्य वाचवायचे तर पाड्यावरचा वारली, वसईच्या किनारपट्टीवरील वाडीवाला, विरारचा चाकरमानी आणि मुंबईचा निसर्गप्रेमी या साऱ्यांना एका बाजूस उभे राहावे लागेल. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला धर्म, जात न पाहता माणसे धावली होती. किनाऱ्यावरच्या विहिरींसाठी जे घडले ते पूर्वेकडील डोंगरांसाठीही घडू शकते. डोंगर बोडका झाला तर पेल्हारच्या धरणात गाळ साचेल, आणि मग कोणी अरण्यात गेला होता की नाही हे नळ विचारणार नाही.

अरण्यात जाणाऱ्याने जरूर जावे. वाटाड्याच्या मागून चालावे, त्याचे ऐकावे, आणि ज्या जमिनीवरून तो वाट दाखवितो ती त्याच्या नावावर आहे की नाही, एवढे विचारून परतावे.