केसपेपरचे पैसे कुणी ठरवले?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला, 'जागतिकीकरण आणि आरोग्य'. विषय मोठा आणि बोलणारा लहान. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीत बसून माझी नोकरी संपली. तेव्हा सुरुवात खिडकीपासूनच करतो.

एकदा एक बाई आल्या. कडेवर तापाने फणफणलेलं पोर. केसपेपर आणि रक्ततपासणी मिळून जे पैसे होत होते ते त्यांच्याजवळ नव्हते. गरिबांना माफी होती, नाही असं नाही. मी म्हटलं, पिवळं रेशनकार्ड दाखवा. कार्ड गावी, सासूजवळ. मग म्हटलं, तहसीलचा दाखला आणा. मागे रांग लागलेली, नियम माझ्या बाजूने. "आणते, साहेब," म्हणून बाई गेल्या त्या गेल्या. पुन्हा माझ्या खिडकीवर दिसल्या नाहीत. पोराचं काय झालं, मला माहीत नाही. रुग्णालयाचं नाव मी सांगत नाही. नियम त्या एका रुग्णालयाचा नव्हता, आणि बाईंना परत पाठवणारा माणूस तर तुमच्यासमोरच उभा आहे.

तेव्हा आम्हाला वाटायचं, हे दर मंत्रालयात ठरतात. परिपत्रक तिथूनच यायचं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की या परिपत्रकाची पाळंमुळं फार लांब गेलेली आहेत.

१९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता या शहरात जगभरच्या सरकारांची परिषद झाली. सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य, असं तिथं ठरलं. भारतही त्यात होता. पण पुढच्या चार-पाच वर्षांतच वारं फिरलं. १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, आणि एकामागून एक गरीब देश नाणेनिधी व जागतिक बँकेच्या दारात उभे राहिले. कर्ज मिळालं, पण अटींसह. सरकारी खर्च कमी करा, ही त्यातली मोठी अट. खर्च कापायचा म्हटलं की कात्री कुठे लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९८७ साली जागतिक बँकेने गरीब देशांच्या आरोग्यसेवेच्या पैशावर एक धोरणपत्र काढलं. रुग्णांकडून शुल्क घ्या, हा त्यातला मुख्य सल्ला. विचार असा की लोक थोडे पैसे देतील, त्या पैशातून औषधं येतील, दवाखाना सुधारेल आणि अगदी गरिबाला माफी राहील. कागदावर वाचलं तर आपणही मान हलवू. आपल्या घरातही म्हणतातच ना, फुकटची किंमत नसते!

आता आफ्रिकेतल्या केनिया देशाचं बघा. तिथे डिसेंबर १९८९ मध्ये सरकारी दवाखान्यांत असं शुल्क सुरू झालं. नैरोबी शहरात गुप्तरोगांचा एक मोठा सरकारी दवाखाना होता, त्याची नोंद डॉक्टरांनी ठेवली. शुल्क लागल्यावर येणारे पुरुष आधीच्या ४० टक्क्यांवर आले, बायका ६५ टक्क्यांवर. रोग काही कमी झाला नव्हता. रोगी घरी बसला होता, आणि रोग पसरत होता. एड्सचा काळ होता तो! नऊ महिन्यांत सरकारला शुल्क स्थगित करावं लागलं. ते वाचताना मला माझी खिडकी आठवली. खिडकीतल्या माणसाला आलेले रोगी दिसतात. न आलेले त्याला दिसत नाहीत, आणि रजिस्टरातही त्यांची ओळ नसते.

आपल्याकडे १९९१ साली परकीय चलन संपत आलं. रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं. त्यानंतरच्या दशकात जागतिक बँकेने एकेका राज्याच्या सरकारी रुग्णालयांसाठी कर्जं दिली. पंजाब, कर्नाटक, पश्चिम बंगाल, पुढे आपला महाराष्ट्र. त्यातून इमारती दुरुस्त झाल्या, यंत्रं आली. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, खोटं बोलणार नाही. पण या प्रकल्पांबरोबर रुग्णशुल्काचा विचारही आला. ज्या दहा-वीस रुपयांसाठी मी खिडकीत हुज्जत घालत होतो, त्यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये चर्चा झालेली होती. मात्र आपलं सरकार बिचारं होतं, असंही समजू नका. सह्या आपल्याच लोकांच्या आहेत.

आणि वारं पुन्हा फिरलंही. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क काढलं, तशी गर्दी उसळली. थायलंड १९९७ च्या आर्थिक संकटात नाणेनिधीचा कर्जदार झाला होता. त्याच देशाने २००१ पासून अशी योजना आणली की एका भेटीला ३० बाट दिले की उपचार, आणि २००६ मध्ये तेही सोडून दिले. मोठे मोठे तज्ज्ञ म्हणत होते, परवडणार नाही. शेवटी मे २०१३ मध्ये जागतिक बँकेचेच अध्यक्ष, पेशाने डॉक्टर असलेले जिम योंग किम, जागतिक आरोग्य सभेत उभे राहून म्हणाले की गरिबाकडून उपचाराच्या वेळी घेतलेले थोडेसेही पैसे त्याला दवाखान्यापासून तोडतात, आणि हे अन्यायाचं आहे, अनावश्यकही आहे. १९८७ ते २०१३, म्हणजे सव्वीस वर्षं! या काळात जे घरी बसून गेले त्यांचं काय?

बाहेरून येतं ते सगळं वाईट, असंही मी म्हणत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम प्रा. अदारकर यांच्याकडे दिलं गेलं, आणि त्यांचा अहवाल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी तपासला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. गिरणीत, कारखान्यात राबलेल्या आपल्या बापजाद्यांना ज्या दवाखान्यात औषध मिळालं, तो दवाखाना असा परदेशी सल्ला घेऊनच उभा राहिला. फरक एवढाच की तिथे कामगाराचा वाटा पगारातून कापला जातो, मालकही भरतो, आणि आजारी पडल्यावर खिडकीत हात पसरावा लागत नाही. दवाखान्याला पैसा लागतोच. तो हातात पगार असताना घ्यायचा की अंगात ताप असताना, एवढाच माझा प्रश्न आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी त्यात आली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, आणि महापालिकांचे दवाखाने तर वेगळेच. पाटी सारखीच सरकारी दिसते, त्यामुळे आपल्या माणसाचा गोंधळ होतो.

म्हणून एक विनंती. या रुग्णालयांपैकी कुठे पैसे मागितले तर भांडू नका, पावती मागा आणि ती घेऊन या. दर रविवारी वंदनेनंतर मी विहाराच्या वाचनालयात बसतो. अर्ज मी लिहून देईन, त्यासाठी कुठलाही दाखला लागणार नाही.

जय भीम.