आधी ब्रेक, मग इंजिन



आज आपण सायकलीविषयी बोलणार आहोत. सायकल आपल्या ओळखीची आहे. वैरणीचा भारा, दुधाची किटली, दळणाची पिशवी, शाळेला निघालेले पोर, सगळे तिच्यावरून जाते. पण चढ आला की उतरून ढकलावी लागते. दिवसभर उसाच्या रानात खपलेल्या माणसाला तो चढ फार लांब वाटतो. मग मनात येते, हिला एक लहानसे इंजिन बसवले तर?

हा विचार वेडेपणाचा नाही. आपण जिला फटफटी म्हणतो ती मोटारसायकल अशीच जन्माला आली.

फ्रान्स देशात पॅरिस शहरी वेर्नर नावाचे दोघे भाऊ होते. १८९७ साली त्यांनी सायकलीच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवले. गाडी धावली. पण सगळे ओझे उंचावर आणि पुढे होते. ओल्या रस्त्यावर ती घसरे आणि सवाराला पाडी. मग १९०१ साली त्यांनी इंजिन खाली, पायडलाच्या जागेजवळ आणले. गाडी स्थिर झाली. पुढे जगभर तीच रीत पडली. बैलगाडीत कडबा फार उंच रचला तर वळणावर गाडी कलंडते, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तोच नियम आहे. ओझे जितके खाली, तितकी गाडी सावरायला सोपी.

दुसरी गोष्ट जपानची. १९४५ साली महायुद्ध संपले. गावे जळाली होती. आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्रोल मिळत नव्हते. तेव्हा हामामात्सु गावी सोइचिरो होंडा नावाचे एक कारागीर होते. लष्कराच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिने युद्धानंतर पडून राहिली होती. १९४६ साली होंडांनी ती मिळवली आणि सायकलींना बसवली. पहिल्या गाडीला टाकी म्हणून घरातली गरम पाण्याची बाटली लावली होती. ती गाडी त्यांच्या पत्नी साची यांनी रस्त्यावर चालवून पाहिली. पडून असलेली इंजिने संपली, तेव्हा होंडांनी स्वतःचे इंजिन बनवले. आज आपल्या रस्त्यावर होंडाच्या गाड्या धावतात, त्यांची सुरुवात ही अशी झाली.

आपल्या मुलखातही अशी माणसे झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले. तिथून ते लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. पुढे १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने लूना ही गाडी बाजारात आणली. लूना म्हणजे पायडल असलेली ५० सी.सी.ची छोटी फटफटी. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी येता येई. ती पेट्रोलची लूना आता बनत नाही. २०२४ साली त्याच नावाची, विजेवर चालणारी गाडी निघाली.

आता आपल्या कामाकडे येऊ. फवारणीच्या पंपाचे इंजिन हंगाम संपला की माळ्यावर पडून राहते. घरात जुनी काळी सायकल असते. आपल्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. तिथे ओतकाम होते, लेथवर पुली कातून मिळते. म्हणून जुन्या घाटाची इंजिनाची सायकल बांधावी, असे पुष्कळ तरुणांच्या मनात येते. ती कशी चालते, ते आधी समजून घेऊ.

इंजिन फार जोरात फिरते. समजा, ते मिनिटाला ४५०० फेरे घेते. मोठ्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. ताशी २० किलोमीटर जायचे, तर चाकाने मिनिटाला सुमारे १५० फेरे घ्यायला हवेत. ४५०० ला १५० ने भागा. उत्तर आले ३०. म्हणजे इंजिनाने ३० फेरे घ्यावेत, तेव्हा चाकाने एक घ्यावा. हे एका पुलीने साधत नाही. पहिल्या टप्प्यात वेग पाचपट कमी करायचा, दुसऱ्या टप्प्यात सहापट. पाच सक तीस. पाढे असे उपयोगी पडतात बघा.

इंजिन सायकलीच्या तिकोनात, शक्य तितके खाली बसवावे. ते बसवण्यासाठी सायकलीच्या नळ्यांना भोके पाडू नयेत. भोक पाडले की नळी कमजोर होते आणि हादऱ्याने तिथेच तडकते. लोखंडी पट्ट्या नळीभोवती आवळून त्यांवर इंजिन धरावे. नटाखाली स्प्रिंगचा वायसर घालावा. तरीही दर आठवड्याला सगळे नट पान्याने तपासावेत, कारण इंजिनाचा थरथराट नट सैल करतो.

पट्टा आणि पुली यांवर पत्र्याचे झाकण हवेच. साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा त्यात गेला, तर सोडवायला वेळ मिळत नाही. पेट्रोलची टाकी धातूची असावी आणि धुराच्या नळीपासून दूर असावी. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असावे. जवळ विडी नको. इंजिन झटकन बंद करण्याचे बटण हँडलवर, हाताशी असावे.

हे सारे लोक मन लावून करतात. पण एक गोष्ट मागे राहते. ती म्हणजे ब्रेक.

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलाने अशी गाडी बांधली. हात फार चांगला. गाडी पहिल्या दिवशी सुरू झाली, तेव्हा अर्धे गाव बघायला आले. आम्हीही गेलो. आम्ही विचारले, "बाळ, ब्रेकचं काय केलंस?" तो म्हणाला, "गुरुजी, सायकलीचे हायत की. आजवर त्येच तर लावतोय."

उन्हाळाभर काही झाले नाही. आषाढात पावसाची झड लागली. एके सकाळी तो दुधाच्या दोन किटल्या घेऊन उतारावरून डेअरीकडे निघाला होता. समोर एक लहान मुलगी शेरडामागे धावत रस्त्यात आली. त्याने दोन्ही ब्रेक आवळले. रिम ओली होती. रबरे नुसती घसरत राहिली. त्याने गाडी चरीत घातली, म्हणून मुलगी वाचली. त्याचे खांद्याचे हाड मोडले. दूध मातीत गेले. ऐन पेरणीच्या दिवसांत दोन महिने तो बसून राहिला. त्याची आई आम्हांला म्हणाली, "गुरुजी, चढाला इंजान लावलं, पर उताराला काय लावलं?"

त्या माउलीला अक्षर येत नव्हते. पण तिने नेमके वर्मावर बोट ठेवले.

असे का होते, ते पाहू. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. वेग तिप्पट झाला की नऊपट. समजा, ताशी १० किलोमीटर वेगाला ब्रेक धरल्यावर सायकल दीड मीटरात थांबते. मग २० च्या वेगाला सहा मीटर लागतील आणि ३० च्या वेगाला साडेतेरा मीटर. त्यात इंजिनाचे वजन आणि किटल्यांचे ओझे आले की हलक्या ब्रेकावर ताण आणखी वाढतो. वर आपल्याकडचा पाऊस. पन्हाळा, गगनबावडा या बाजूचा पाऊस तुम्ही जाणताच. लोखंडी रिम ओली झाली की दांडीच्या ब्रेकची पकड फार कमी होते. सायकलीचा ब्रेक पायाच्या जोरासाठी केलेला असतो, इंजिनाच्या जोरासाठी नव्हे.

म्हणून क्रम उलटा करा. इंजिन विकत घेण्याआधी ब्रेक बसवा. पुढच्या आणि मागच्या चाकाला वेगवेगळे ब्रेक असू द्या, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा राहतो. ड्रम ब्रेकचा हब मिळाला, तर चाकाचे आरे त्यावर नव्याने विणून घ्या. ड्रमचा ब्रेक आत झाकलेला असतो, त्याला पावसाची बाधा कमी होते. मग ओझे लादून, इंजिनाशिवाय, उतारावर गाडी सोडून बघा. आधी हळू, मग थोडी जोरात. जिथे ठरवली तिथे थांबली, तरच इंजिनाचा विचार करा. त्या मुलाने हाड जुळल्यावर हेच केले. इंजिन दोन महिने पोत्यात गुंडाळून ठेवले आणि आधी दोन्ही चाके बदलली.

आणखी एक गोष्ट. तुम्ही आता वाचू लागला आहात. इंजिनावर एक छोटी पाटी असते, ती वाचा. तिच्यावर सी.सी.चा आकडा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला २५ सी.सी.पर्यंतचे इंजिन असेल, तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. आकडा २५ च्या वर गेला की ती मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, परवाना, विमा, सगळे लागते आणि घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी सहजासहजी होत नाही. फवारणीच्या काही पंपांवर २६ असतात, काहींवर ३५. एका आकड्याचा फरक, पण कायद्यात तो मोठा आहे. विकणारा म्हणेल, "घ्या हो, काही होत नाही." त्याच्या तोंडाकडे बघू नका, पाटीकडे बघा. शंका असेल तर पैसे देण्याआधी आरटीओच्या कचेरीत जाऊन विचारा. आणि इंजिन लहान असले तरी डोक्याला हेल्मेट घाला. दगडाला सी.सी. कळत नाही.

तुमच्यातल्या कारागिराला आम्ही अडवत नाही. हाताला काम आणि डोक्याला हिशेब मिळाला, तर आपल्या गावचा तरुणही नवे काही घडवील. पण घरी वाट बघणारी माणसे असतात आणि रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरे असतात. गाडी किती पळते, हे लोक विचारतील. तुम्ही मात्र रोज निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि मगच पायडलावर पाय ठेवा.