जतन आणि दर्शन : संग्रहालये पडद्यावर येताना



२ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतांश नष्ट झाल्या. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या दालनांतून फिरण्याची सोय जगाला झाली, ती संगणकाच्या पडद्यावर. ‘गूगल आर्ट्स अँड कल्चर’ या उपक्रमाने आगीपूर्वीच दालनांचे चित्रण करून ठेवले होते. वस्तू परत आल्या नाहीत. त्यांची ओळख तेवढी उरली. दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयही २६ एप्रिल २०१६ रोजी असेच जळाले होते. संग्रहालये पडद्यावर आणणे ही केवळ हौस नव्हे, हे या दोन घटनांवरून ध्यानी यावे.

भारतात या कामासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संगणकप्रणाली तयार केली. तिचे नाव ‘जतन’. हा शब्द मराठी घरांना नवा नाही. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे भारतीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आदींच्या वस्तू तिच्या साहाय्याने एका संकेतस्थळावर पाहता येतात.

मात्र छायाचित्रांचा ढीग म्हणजे प्रदर्शन नव्हे. सालारजंग संग्रहालयातील ‘अवगुंठित रेबेका’ हा जोव्हान्नी बेन्झोनी या शिल्पकाराचा संगमरवरी पुतळा पाहावा. चित्रात झिरझिरीत ओढणी दिसते. ओढणी आणि मुखडा एकाच पाषाणातून कोरले आहेत, हे टिपण वाचल्यावरच उमगते. पडद्यावर नाणे आणि तोफ सारख्याच आकाराची भासतात, म्हणून मापे द्यावी लागतात. वस्तूचे नाव, द्रव्य, काळ, कर्ता आणि ती संग्रहात कशी आली, ही नोंद हाच अशा प्रदर्शनाचा कणा होय.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. काचेच्या कपाटाजवळील पाटीवर जागा थोडी असते. पडद्यावर तशी अडचण नाही. एकाच वस्तूखाली स्थानिक भाषेबरोबर मराठीतही टिपण देता येते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. अशा ठेव्याची छायाचित्रे जगभर पोहोचली, तरी ती वाचून अर्थ सांगणारे हवेतच. परप्रांतातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला घरची आणि गावची अशा दोन्ही भाषा येतात. हे काम त्याच्याइतके कोणाला साधेल?

साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेचाही स्वतःचा ठेवा असतो : हस्तलिखित अंक, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, जुने पत्रव्यवहार. त्याचे ऑनलाइन प्रदर्शन भरवणे आज फारसे खर्चाचे नाही. पण प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात, कारण देखभाल थांबली की संकेतस्थळेही लोपतात. आणि मुलांची छायाचित्रे संबंधितांच्या संमतीनेच प्रकाशित करावीत.

सर्वांत निकडीचे काम मात्र यंत्राचे नाही. जुन्या समूहचित्रातील चेहरे ओळखणारी माणसे आता वयोवृद्ध आहेत. कागद आणखी काही वर्षे तग धरील. त्यांच्या आठवणी तितका काळ थांबतीलच असे नाही. माजी विद्यार्थ्यांनी घरातील छायाचित्रे शोधावीत, वडीलधाऱ्यांजवळ बसून नावे, वर्ष आणि प्रसंग लिहून घ्यावेत, आणि मगच ती शाळेकडे सुपूर्द करावीत.