बालमधुमेह आणि शेजारधर्म

शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी आपले स्राव थेट रक्तात सोडतात. मुलाची वाढ, बुद्धीचा विकास, अन्नाचे शक्तीत रूपांतर ही कार्ये या संप्रेरकांवर अवलंबून असतात. एखादी ग्रंथी बालपणीच निकामी झाली, तर तिची उणीव बहुधा आयुष्यभर बाहेरून भरून काढावी लागते. अवटू ग्रंथी मंद असेल, तर रोज एक स्वस्त गोळी पुरते. स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवणे थांबले, तर मात्र दिवसातून अनेकदा सुई टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह होय.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन देण्यात आले आणि तो वाचला. तोवर या आजाराचे निदान मृत्यूच्या निकालासारखेच असे. औषध सर्वांना मिळावे म्हणून संशोधकांनी आपले हक्क विद्यापीठाला नाममात्र किमतीस दिले. पण औषध सापडणे आणि ते मुलाच्या अंगी लागणे यांत मोठे अंतर असते.

बंगळूरच्या वायव्येकडील यशवंतपूरचे उदाहरण घ्यावे. तेथे मोठे रेल्वे स्थानक आहे, कृषिमालाची बाजारपेठ आहे, जवळच पीण्याची औद्योगिक वसाहत आहे. समजा, त्या बाजारातील एखाद्या हमालाच्या आठ वर्षांच्या मुलीला हा आजार जडला. तिला सारखी तहान लागते, ती वारंवार लघवीला जाते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते आणि खाऊनपिऊनही वाळत जाते. घरच्यांना वाटते, जंत झाले असतील किंवा दृष्ट लागली असेल. या वेळी अंगणवाडीच्या बाईंनी किंवा आशा कार्यकर्तीने ही लक्षणे ओळखून रक्ताची साखर तपासून घेतली, तर मूल बेशुद्ध होण्याआधीच उपचार सुरू होतात.

पुढे इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेसारख्या शासकीय संस्थेत जायचे, तर शहराचा दक्षिण भाग गाठावा लागतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. डॉक्टरांची भेट महिन्याकाठी थोडा वेळ होणार. उरलेले सारे दिवस घर, शाळा आणि शेजार यांनाच सांभाळायचे असतात.

घरात शीतकपाट नसते आणि पत्र्याचे छप्पर तापते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती शेजाऱ्याच्या शीतकपाटात ठेवता येते, मात्र बर्फाच्या कप्प्यात नव्हे; गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरातील कुपीसाठी मातीची दोन भांडी एकात एक ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरावी. बाष्पीभवनाने आतील भांडे गार राहते.

शाळेत शिक्षकांनी एवढेच जाणावे: मूल एकाएकी घामाघूम झाले, थरथरू लागले किंवा विनाकारण चिडू लागले, तर साखर उतरली असे समजावे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वेळी खाद्यपदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली. शाळेच्या रोजच्या वर्गातही ही सवलत हवी.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब मुलांना इन्सुलिन मोफत पुरविले आणि मुलींकडे विशेष लक्ष दिले. त्याची गरज उघड आहे. मुलीच्या लग्नाची काळजी घरात शिरली, की आजार लपविला जातो. लपविण्यापायी चारचौघांत सुई टळते आणि सुई टळली, की जीव धोक्यात येतो. एका मुलीने वर्गात उघडपणे सुई टोचून घ्यावी आणि कोणी कुजबुजू नये, एवढे घडले, तरी निम्मे उपचार साधले. इन्सुलिन शंभर वर्षांपूर्वीच सापडले. हा शेजारधर्म मात्र प्रत्येक वस्तीला नव्याने शिकावा लागतो.