संगीताच्या तासाला माणसाची ओळख



शालेय संगीतशिक्षण म्हणजे स्वर-तालाची ओळख, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गाणाऱ्याचे देशांतर आणि त्याचे लैंगिक वेगळेपण यांचाही विचार त्याच तासाला करता येतो. फ्रेडी मर्क्युरी या गायकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

त्याचे मूळ नाव फरोख बुलसारा. घराणे गुजरातेतील पारशी; जन्म १९४६ साली झांझिबारमध्ये; शालेय शिक्षण पाचगणीच्या वसतिगृहात. तेथेच त्याने शाळासोबत्यांसह पहिला वाद्यवृंद उभा केला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाने इंग्लंडचा आश्रय घेतला. १९७० साली 'क्वीन' हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि फरोख 'मर्क्युरी' झाला. त्याच्या आयुष्यात एका स्त्रीचा दीर्घ स्नेह होता, तसेच पुरुषांवरील प्रेमही होते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सजन्य आजाराने त्याचा अंत झाला. त्या आजाराची वाच्यता त्याने आदल्या दिवशीच केली होती.

वर्गात हे चरित्र आधी सांगू नये. प्रथम १९७५ चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकवावे. ध्रुपद नसलेल्या त्या रचनेत संथ गीत, ऑपेरा आणि दणदणीत रॉक अशी वळणे एकामागून एक येतात. ती विद्यार्थ्यांनी स्वतः टिपावीत. मग नकाशावर झांझिबार, पाचगणी, लंडन दाखवावे, आणि नाव का बदलले असेल, याचा विचार त्यांच्यावर सोपवावा. गाण्याचा अर्थ मात्र चरित्रातून ओढूनताणून काढू नये. त्याने स्वतः तो कधी उलगडून सांगितला नाही.

येथे एक मोह टाळणे अगत्याचे आहे. कीर्तिवंताला 'आपला' म्हणताना समाज त्याचे अर्धेच आयुष्य स्वीकारतो. कोणी त्याचे पारशीपण मिरवतो आणि प्रेम झाकतो. कोणी प्रेमाचा उल्लेख करतो आणि देशांतर विसरतो. परमुलखात पिढ्यान्पिढ्या भाषा जपणाऱ्या मंडळींना असे अर्धवट स्वीकारले जाणे ठाऊक आहे.

समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तथापि कायद्याने दिलेली मोकळीक शाळेच्या बाकापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्या बाकावर एखादा विद्यार्थी आपले वेगळेपण मनात दडवून बसलेला असू शकतो. शिक्षकाने त्याच्याकडून कबुली मागू नये, आणि इतरांच्या हसण्याकडे काणाडोळाही करू नये. गायकाविषयी वर्गात आदराने बोलले गेले, तर त्या मुलाला न विचारताच उत्तर मिळते. संगीताच्या तासाचे हे फळ गुणपत्रिकेत दिसणार नाही. पण त्याचे मोल कमी नाही.