जन्मभराचें वंगण

दूरच्या प्रवासासाठीं मुद्दाम बांधलेली अवजड मोटरसायकल ही एका अर्थानें दोन चाकांवरची मोटरगाडीच होय. तिच्यावर दोन माणसें आरामांत बसतात, त्यांचें पंधरा दिवसांचें सामान मावतें, आणि दिवसाकाठीं पांचसहाशें किलोमीटरांची मजल ती सहज मारते. मात्र मोटरगाडीचें ओझें चार चाकांवर वांटलेलें असतें; येथें एंजिनाची सारी ओढ एकट्या मागच्या चाकाला सोसावी लागते. त्यामुळें एंजिन आणि मागचें चाक यांच्यामधील एखादा भाग अकालीं निकामी झाला, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाहीं. तो दोन जिवांच्या सुरक्षिततेचा होतो.

एंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेण्याचे मार्ग तीन: सांखळी, पट्टा आणि दांडा. सांखळी हलकी व स्वस्त. पण ती उघड्यावर धूळ खाते, आणि तिचा ताण वरचेवर पाहावा लागतो. पट्ट्याला तेल लागत नाहीं. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसनच्या आजच्या प्रवासी गाड्या पट्ट्यावर चालतात. दांडा बंदिस्त नळींत फिरतो. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कारखान्यानें १९२३ सालीं आपली पहिली मोटरसायकल, आर ३२, काढली ती दांड्याचीच. आणि १९७५ सालीं आलेल्या जपानी होंडा गोल्ड विंगनेंहि तोच मार्ग पत्करला. कपड्यांना डाग नाहींत, ताण पाहण्याची कटकट नाहीं, असें दांड्याचें कौतुक. परंतु जें दिसत नाहीं त्याकडे पाहिलें जात नाहीं, ही या सोयीची दुसरी बाजू आहे.

दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेनें फिरतो आणि चाकाचा आंस त्याला आडवा असतो. ही दिशा बदलण्यासाठीं चाकाजवळच्या ॲल्युमिनियमच्या पेटींत दोन पोलादी दंतचक्रें असतात: दांड्याच्या टोकाला एक लहान आणि चाकाच्या बाजूला एक मोठें. तिरप्या दात्यांचीं हीं चक्रें एकमेकांस फिरवितां फिरवितां एकमेकांस दूरहि लोटतात. तो रेटा सहन करून मोठ्या चक्राला जागेवर धरून ठेवण्याचें काम बेअरिंगचें. दोन पोलादी कड्यांच्या मध्यें छर्रे फिरत असतात, आणि त्यांच्यावरच सारा भार येतो. पुष्कळ बीएमडब्ल्यू गाड्यांत चाक एकाच बाजूनें धरलेलें असल्यानें चक्राचा रेटा आणि चाकावरचें वजन हीं दोन्हीं याच मोठ्या बेअरिंगच्या वांट्याला येतात.

या कारखान्याची के १२०० एलटी ही गाडी १९९९ च्या सुमारास रस्त्यावर आली. तिचें स्वतःचेंच वजन पावणेचारशें किलोग्रॅमच्या पुढें. तिच्या मालकांना पुढें एक विलक्षण अनुभव येऊं लागला. कांहीं गाड्यांचें हें बेअरिंग पन्नास-साठ हजार किलोमीटरांच्या आंतबाहेरच फुटलें. आणि त्याच जातीच्या दुसऱ्या गाड्या लाख-दीड लाख किलोमीटर विनातक्रार चालल्या. आराखडा एक, धातु एक, मग भाग्य निरनिराळें कां?

याचें एक उत्तर गणितांत आहे. स्वीडनमधील एसकेएफ या बेअरिंगच्या कारखान्यांतील अभियंते आर्विद पामग्रेन यांनीं १९२४ सालीं छर्ऱ्यांच्या बेअरिंगच्या आयुष्याचा नियम मांडला: भार वाढला कीं आयुष्य त्याच्या घनाच्या प्रमाणांत घटतें. भार दुप्पट झाला तर आयुष्य अष्टमांश. आणि भार केवळ सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्मेंच उरतें. शिवाय बेअरिंगचें म्हणून जें आयुष्य कोष्टकांत छापलेलें असतें, तें शंभरांपैकीं नव्वद नगांनीं गांठावयाचें असतें. उरलेल्या दहांनीं त्यापूर्वींच मान टाकणें हें त्या हिशेबांत गृहीतच धरलेलें आहे.

आतां हा जादा भार येतो कोठून? सामान अधिक घेतलें हें एक कारण झालें. परंतु खरा घातक भार पुष्कळदां पेटीच्या आंत, जुळणीच्या वेळींच बसविला जातो. बेअरिंग ढिलें राहूं नये म्हणून त्याला पातळ चकत्या लावून थोडें दाबून बसवितात. या चकत्यांचा हिशेब मिलिमीटरच्या शतांशांत असतो. दाब कमी पडला तर चक्र डळमळतें. अधिक झाला तर छर्रे उभ्या जन्मांत क्षणभरहि मोकळे होत नाहींत. त्यांत ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. म्हणजे थंड पेटींत मोजलेला दाब तापलेल्या पेटींत तसाच राहत नाहीं. जास्त आवळलें म्हणजे जास्त भक्कम, ही समजूत यंत्राच्या बाबतींत फसवी आहे. मागचें चाक बसवितांना बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले गेल्यास चाक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कड्याला तडे जाऊं शकतात, असें आढळल्यावरून याच कारखान्यानें २०१५ सालीं आपल्या अनेक गाड्या परत बोलावून तीं कडीं बदलून दिलीं.

दुसरें कारण तेलाचें. पेटींत तेल मावतें तें फार तर पाव लिटर. नव्या चक्रांचे दाते एकमेकांशीं रुळतांना लोखंडाचा बारीक चुरा सुटतो आणि तो त्याच तेलांत फिरत राहतो. असें असतां २००४ सालीं आलेल्या आर १२०० जीएस या गाडीच्या पेटींतील तेल ‘जन्मभराचें’ ठरविण्यांत आलें. तें बदलण्याची आवश्यकताच नाहीं, असें सांगण्यांत आलें. बेअरिंगें फुटूं लागल्यानंतर धोरण बदललें, आणि पहिल्या तपासणीच्या वेळीं व पुढें ठराविक अंतरानें तेल बदलावें असा नियम झाला. आपल्याकडील गाडीवान गाडीखालीं वंगणाची नळी टांगून निघे. जन्मभराचें वंगण ही कल्पना त्याला हास्यास्पद वाटली असती. त्याच्या आंसाची कुरकुर सर्व गांवाला ऐकूं येई. बंदिस्त पेटीची कुरकुर मात्र हेल्मेट घातलेल्या स्वारालाहि ऐकूं येत नाहीं.

तिसरें कारण पाणी. दांडा ज्या नळींत फिरतो तींत ओल शिरली कीं दांड्याचे सांधे व खांचा गंजतात. म्हणूनच अलीकडील आर १२०० जीएस व आर १२५० जीएस गाड्यांतील दांडा साठ हजार किलोमीटरांनंतर बदलून देण्याची व्यवस्था कारखान्यास करावी लागली.

बेअरिंग एकाएकीं फुटत नाहीं. कड्याच्या पृष्ठभागाखालीं प्रथम केसासारखी चीर पडते, मग खवले निघतात, ते छर्ऱ्यांखालीं भरडले जातात, आणि अखेर छर्रे धरणारा सांगाडा तुटतो. मग चाक डुलूं लागतें, ऑइल सील फाटतें आणि तेल टायरवर येतें. वळणावर भरधांव असतांना हें झालें तर स्वाराच्या कौशल्याचा कांहीं उपयोग होत नाहीं.

परंतु या क्रमाला वेळ लागतो, आणि तेवढी सवड माणसाला मिळते. गाडी उभी करून मागचें चाक उचलावें, त्याला वर व खालीं दोन्ही हातांनीं धरून हलवून पाहावें. पूर्वीं नसलेला खडखडाट जाणवल्यास पुढचा प्रवास रहित करावा. तेल काढण्याच्या बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावरील मळ बोटांत चोळावा. राखाडी लोणी असेल तर चिंता नाहीं. टोचणारे कण असतील तर पेटी उघडलीच पाहिजे. सीलभोंवतीं ओलसर तेलकटपणा दिसला तर तोहि पुसून विसरून जाऊं नये. या तपासणीला पाव तासहि लागत नाहीं.

एखाद्या वस्तूला ‘जन्मभराची’ म्हटलें जातें, तेव्हां जन्म कोणाचा, हें विचारून घ्यावें. तेलाचा, पेटीचा, कीं हमीच्या मुदतीचा? स्वाराचा जन्म या तिहींहून लांबीचा असावा, एवढीच अपेक्षा. आणि ती पुरी करण्याचें काम कारखान्याचें जितकें, तितकेंच गुडघे टेकून चाकापाशीं बसणाऱ्या मालकाचेंहि आहे.